उणे अठरा अंशांतलं रीळ

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो. मी नाही सांगितलं तर मृदुला सांगेल, आणि तिच्या तोंडून ही फजिती माझ्यापेक्षा जास्त रंगते. मृदुला म्हणजे माझी बायको. या गोष्टीतलं शेवटचं वाक्य तिच्या वाट्याला आलंय, तेवढं तिला पुरे.

आधी एक कबुली. मी संशयी माणूस आहे. पण दोष माझा नाही, घराण्याचा आहे. पुण्याला आमचे वडील दूधवाल्याच्या देखत दुधात बोट बुडवायचे आणि थेंब कसा ओघळतो ते त्यालाच दाखवायचे. भाजीवाल्याने कोथिंबीर जास्त घातली की आई घरी येऊन आधी बाकीची भाजी तपासायची. कोथिंबीर फुकट दिली म्हणजे वांग्यात मारलं असणार, हा सिद्धांत. हे संस्कार घेऊन मी सिंगापूरला आलो. अकरा वर्षं जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये काढली, पण संस्कार काही सुटले नाहीत.

तर मी तुआसला, इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका कंपनीत इंजिनिअर. आम्ही जहाजांवरच्या विंच बनवतो. विंच म्हणजे काय, तर जाडजूड दोर गुंडाळायचं एक राक्षसी रीळ. त्या वर्षी आम्हाला बर्फातून जाणाऱ्या एका जहाजाच्या विंचची ऑर्डर मिळाली होती. तिच्या चाचणीला आमचे साहेब एका इंजिनिअरला घेऊन थेट उत्तरेला जाणार होते. जो जाईल, तोच पुढे त्या प्रोजेक्टचा मुख्य. नावं दोनच होती. एक मी, दुसरा गायकवाड.

गायकवाड साताऱ्याचा. अतिशय सज्जन. इतका सज्जन, की मला पहिल्या दिवसापासून त्याचा संशय.

साहेबांचं नाव युहा. फिनलंडचे. तिथे नावानेच हाक मारायची पद्धत, त्यामुळे आता अरेतुरेच करतो. युहाने आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"चाचणी संपली की गिऱ्हाईक सगळ्यांना गोठलेल्या तळ्यावर नेतं," तो म्हणाला. "बर्फाला भोक पाडायचं, शेजारी स्टूल टाकून बसायचं आणि मासे धरायचे. मागच्या वेळी आपल्या माणसाचं रीळ थंडीत आखडलं. फिरेचना. आपण दोर गुंडाळायची यंत्रं विकतो, आणि आपल्या माणसाला हातभर दोरा गुंडाळता येईना. गिऱ्हाईक दोन दिवस हसत होतं."

"मग या वेळी काय करायचं?" गायकवाडने विचारलं.

"या वेळी आधी परीक्षा. प्रत्येकाने आपलं रीळ आपण निवडायचं, आपण तयार करायचं. दोन आठवड्यांनी कोल्ड रूममध्ये बघू. ज्याचं फिरेल, तो माझ्याबरोबर येईल."

कोल्ड रूम ही आमच्या कारखान्यातली एक खोली. विंचचे सुटे भाग थंडीत टिकतात का, ते तिथे तपासतात. बाहेर तेहतीस अंश आणि घामाच्या धारा, दार उघडून आत गेलं की उणे अठरा.

दोन दिवसांनी संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये गायकवाड माझ्या शेजारी येऊन बसला.

"शिरीष, आपल्या जुरोंगलाच एका इमारतीखाली मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. एक म्हातारे अंकल चालवतात. मी कालच रीळ घेऊन आलो. फार छान समजावून सांगतात रे. तू पण तिथेच जा."

आता तुम्हीच सांगा. ज्याच्याशी शर्यत लागलीय, तो माणूस आपणहून दुकानाचा पत्ता देतो? का देतो? मी रात्रभर या प्रश्नावर तळमळलो आणि सकाळी ठरवलं, जायचं. पण डोळे उघडे ठेवून जायचं.

अंकल पासष्टीचे असतील. अर्धी चड्डी, बनियन, आणि काउंटरच्या खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत लटकवलेली कॉफी. मी कपाटातल्या सगळ्यात मोठ्या, सोनेरी रिळाकडे बोट दाखवलं. त्यात म्हणे दहा बेअरिंग होती.

"आइस फिशिंगला हवंय," मी म्हटलं. "ते द्या."

"दॅट वन नो नीड ला," अंकल म्हणाले. शेवटचं 'ला' म्हणजे इथल्या इंग्रजीची शेपटी. "दॅट वन फॉर सी." आणि त्यांनी खालच्या ड्रॉवरमधून एक रीळ काढून पुढे ठेवलं. पानसुपारीच्या डबीएवढं. काळं, साधं, कुठेही चकाकी नाही. "दिस वन. स्मॉल, सिंपल. यू टेक दिस."

किंमत त्या सोनेरी रिळाच्या पाव.

मी सावध झालो. गिऱ्हाइकाला वस्तू द्यायला नकार देणारे दुकानदार मला नवीन नाहीत, मी पुण्यात वाढलोय. पण आमच्याकडचा दुकानदार नाही म्हणतो ते वैतागून. त्यात एक प्रामाणिकपणा असतो. हे गृहस्थ हसत हसत नाही म्हणत होते. महाग वस्तू विकायची सोडून स्वस्त वस्तू गळ्यात मारणारा दुकानदार म्हणजे उघड आहे, पडून राहिलेला माल खपवतोय.

अंकलनी मात्र शांतपणे समजावलं. मोठ्या रिळाचा दोरा आडवा सुटतो, त्याला पीळ बसतो. बर्फाच्या भोकात गळ सरळ खाली जायला हवा, नाहीतर तो गरगर फिरत राहतो आणि मासा जवळ येत नाही. या छोट्या रिळातून दोरा विहिरीत पोहरा सोडावा तसा सरळ उतरतो. शिवाय त्याची मूठ हातमोजे घालूनसुद्धा धरता येते.

"तुम्हाला हे कसं माहीत?" मी विचारलं. सिंगापूरच्या माणसाने बर्फ बघितला तर आइस कचांगच्या, म्हणजे इथल्या सरबत घातलेल्या बर्फाच्या चुऱ्याच्या वाटीत, असा माझा समज.

"आय गो होक्काइडो एव्हरी इयर," असं म्हणत त्यांनी फोन पुढे केला. फोटोत अंकल जाड कोट घालून बर्फावर बसले होते. हातात बोटभर मासा.

मी फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. आमच्या जुरोंग ईस्टलाच एक बर्फाची खोली आहे. तिकीट काढून आत कुडकुडायचं, कोटसुद्धा तिथेच भाड्याने मिळतो. हा फोटो तिथला नाही, याला पुरावा काय?

"विचार करून सांगतो," म्हटलं आणि बाहेर पडलो.

घरी येऊन तीन दिवस इंटरनेट पालथं घातलं. अमेरिकेतला माणूस तेच सांगत होता, रशियातला तेच सांगत होता. छोटं रीळ घ्या, साधं रीळ घ्या. कॅनडातल्या एका बाईने तर अंकलचंच रीळ हातात धरलं होतं.

"मग झालं तर," मृदुला म्हणाली. "सगळे एकच सांगतायत."

"तोच तर प्रश्न आहे," मी म्हटलं. "सगळे एकच कसे सांगतात?"

ती स्वयंपाकघरात निघून गेली.

शेवटी पुन्हा अंकलकडे गेलो. मांडून ठेवलेलं रीळ नाकारलं, पाच सीलबंद खोके उघडायला लावले, पाचही रिळं कानाजवळ नेऊन फिरवली आणि तिसरं घेतलं. माणूस चिडला नाही. उलट म्हणाला, "यू व्हेरी केअरफुल. गुड." त्याचाही मला संशय आला.

मी निघणार तेवढ्यात त्यांनी काउंटरखालून अंगठ्याएवढी एक बाटली काढली. आत पाण्यासारखं पातळ तेल. बाटलीवर चिठ्ठी नाही, नाव नाही, काही नाही.

"आतलं ग्रीस थंडीत घट्ट होतं," अंकल त्यांच्या इंग्रजीत म्हणाले. "ते सगळं धुऊन काढ. मग याचे दोन थेंब. दुसरं काहीही घालू नको. मी स्वतः हेच वापरतो."

"किती झाले याचे?"

"फ्री ला. युअर फ्रेंड आल्सो आय गिव्ह."

फ्री. माझ्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली, हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन. हा सगळा डाव या बाटलीसाठी होता तर! रीळ चांगलं द्यायचं, विश्वास संपादन करायचा आणि शेवटी निनावी तेल. गायकवाडलाही दिलं म्हणतात. ते त्याने घातलं कशावरून? कदाचित त्यानेच अंकलना सांगितलं असेल, माझा एक मित्र येईल, त्याला ही बाटली द्या.

तुम्ही हसताय. तेव्हा मला हे अगदी सरळ दिसत होतं.

घरी आल्यावर मी शास्त्रीय पद्धतीने जायचं ठरवलं. अंकल ग्रीसबद्दल खरं बोलले का, ते आधी बघायचं. रीळ होतं तसंच फ्रीझरमध्ये ठेवलं, मटारची पिशवी आणि खवलेल्या नारळाचा डबा यांच्या मधोमध. दुपारी काढून बघितलं तर मूठ हलवायला दोन्ही हात लागले. म्हणजे ग्रीसचं खरं होतं. याने माझा संशय कमी झाला असं तुम्हाला वाटेल. पण मुरलेला फसवणारा माणूस नव्वद टक्के खरंच बोलतो.

त्या दुपारी मृदुलाला मटारशेजारी नुसतं रीळ दिसलं असतं तरी चाललं असतं. पण ती आली तेव्हा मी ते पुन्हा आत ठेवत होतो आणि नारळाचा डबा बाहेर ओट्यावर काढून ठेवला होता.

"हे माशाचं आहे?"

"नवीन आहे. अजून एकही मासा बघितलेला नाही याने."

"माझ्या फ्रीझरमध्ये ही वस्तू पुन्हा दिसता कामा नये," ती म्हणाली. "आणि तो नारळ विरघळायच्या आत उचल."

फ्रीझरबंदी झाली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रीळ उघडून सगळं ग्रीस धुऊन काढलं. आता तेल. निनावी बाटली रिळाला लावायची नाही, हे तर ठरलेलंच. पण ते तेल कसं आहे, हे कळायला तर हवं. घरमालकाचं एक जुनं कपाट आमच्या बेडरूममध्ये आहे. त्याचं दार अकरा वर्षं रडत होतं. उघडलं की शेजारच्या फ्लॅटमधलं कुत्रं भुंकायचं. म्हटलं, प्रयोग कपाटावर. दोन्ही दारांच्या सहा बिजागऱ्यांना अंकलची अख्खी बाटली पाजली.

दार उघडलं. आवाज नाही. पुन्हा उघडलं. नुसतं बोट लावलं तरी दार फिरत होतं. कुत्रं गप्प.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी म्हटलं, इतकं चांगलं तेल कोणी फुकट देतं का? आज चांगलं आहे, दोन दिवसांनी चिकट होत असणार.

कंपनीच्या स्टोअरमध्ये तेलांची रांग आहे. पण तिथून थेंबभर जरी घ्यायचं तर वहीत सही करावी लागते, आणि स्टोअरची वही रोज बघतो कोण? गायकवाड. मग त्याला माझं गुपित कळणार.

आणि मग आठवलं, ज्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवू शकतो असं एक तेल घरात आहे. वडिलांनी आयुष्यभर कुलपाला, छत्रीला, सायकलच्या घंटीला तेच घातलं. तीन पिढ्यांनी डोक्याला लावलं. मी स्वतः पुण्याहून ओळखीच्या घाण्यावरून, डोळ्यांदेखत काढून आणलेलं.

खोबरेल तेल.

भरपूर घातलं. रीळ असं काही फिरलं की मीच बघत राहिलो. फ्रीझरमध्ये शेवटची चाचणी घ्यायची राहिली, पण तिथे मनाई हुकूम होता. डायनिंग टेबलावर, एकतीस अंशांत, शंभर वेळा फिरवून बघितलं. शंभर वेळा फिरलं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी दोघांची रिळं कोल्ड रूममध्ये ठेवायची होती, म्हणजे ती आतून नीट थंड होतील. माझं आणि गायकवाडचं रीळ, एकाच फळीवर, रात्रभर. मी काय दुधखुळा आहे? रीळ डब्यात घातलं, डब्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि प्रत्येक जोडावर सही केली. एकूण नऊ सह्या.

गायकवाडने त्याचं रीळ उघडंच ठेवलं. जाता जाता म्हणाला, "अंकलचं तेल घातलंस ना?"

"घातलं," मी म्हटलं. कपाटाला घातलं, एवढं फक्त बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही आत गेलो. मी तीन स्वेटर आणि पुण्याची माकडटोपी. युहा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, चेहऱ्यावर माहेरी आल्याचा आनंद. मधोमध पाण्याचं पिंप, वर चार बोटं जाड बर्फ, त्याला भोक. तळाशी एक लोखंडी कडी टाकलेली. गळ खाली सोडायचा, कडीत अडकवायचा आणि गुंडाळत वर आणायचं.

गायकवाड स्टुलावर बसला. रीळ फिरलं, गळ उतरला, दोन मिनिटांत कडी बर्फावर. युहाने टाळी वाजवली.

मग माझा डबा. युहाने नऊ सह्या निरखून बघितल्या.

"हे कशासाठी?"

"खबरदारी," मी म्हटलं आणि गायकवाडकडे बघितलं. तो निरागसपणे हातावर हात चोळत होता.

सील तोडलं. रीळ काठीला लावलं. मूठ धरली आणि फिरवली.

मूठ जागची हलली नाही.

दोन्ही हातांनी धरली. हलली नाही. गुडघ्यात धरून जोर लावला तेव्हा स्टूल सरकलं आणि मी बर्फावर बसलो, पण मूठ तशीच.

"यात कोणीतरी काहीतरी केलंय," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, तीन माणसांच्या खोलीत. तिघांतला एक मी आणि एक साहेब.

गायकवाडचा चेहरा पडला. अजून आठवलं की मला माझीच लाज वाटते.

युहाने फळीवरचा रिकामा डबा उचलला. "सील कोणी लावलं होतं?"

"मी."

"तोडायच्या आधी धड होतं?"

"हो."

"सह्या कोणाच्या?"

माझ्याच नऊ सह्या माझ्याविरुद्ध साक्ष देत होत्या.

युहाने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि रिळाचं झाकण उघडलं. आत पांढरं, घट्ट, मेणासारखं काहीतरी ठासून भरलेलं. त्याने नखाने थोडं खरवडलं, नाकाशी नेलं, बोटांत चोळलं आणि पुन्हा नाकाशी नेलं. आठ वर्षं सिंगापूरला राहिलेला माणूस तो, इथलं नारळाच्या दुधातलं शेवयांचं लक्सा आवडीने खाणारा.

"शिरीष," तो म्हणाला, "याला लक्साचा वास का येतोय?"

त्या क्षणी मला आमची पुण्यातली दिवाळी दिसली. पहाटेची थंडी, अभ्यंगाचा पाट, आणि बंबाच्या गरम पाण्यात बुडवून ठेवलेली खोबरेलाची बाटली. का बुडवून ठेवलेली? कारण पुण्याच्या थंडीतसुद्धा ते गोठतं. शेंबड्या पोराला माहीत असतं. हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवायचं काम माझंच होतं हो. पण सिंगापूरच्या अकरा वर्षांत एकदाही बाटली गोठली नाही. तेल गोठायचं विसरलं आणि त्याच्याबरोबर मीही.

"खोबरेल आहे," गायकवाड हळूच म्हणाला. मग मराठीत मला म्हणाला, "अरे, मला मागायचं होतंस. माझ्या बाटलीत उरलंय अजून."

युहाने रिळाचं झाकण पुन्हा लावलं.

"रीळ तू अगदी योग्य निवडलंस," तो म्हणाला. "मला फक्त एक सांग. या कंपनीत तुझं काम काय आहे?"

त्याला माहीत होतं. तरी विचारलं.

"ल्युब्रिकेशन," मी म्हटलं. वंगण. कुठल्या यंत्राला, कुठल्या हवेत, कुठलं तेल घालायचं ते ठरवणं. त्याचा पगार घेतो मी.

गायकवाड गेला. जायच्या आधी मी त्याची माफी मागितली, आणि माझ्यासाठी घेऊन ठेवलेले गरम कपडे त्याला दिले. त्याने माफीही घेतली आणि कपडेही, दोन्ही इतक्या सहज की मला पुन्हा थोडा संशय आला.

पंधरा दिवसांनी त्याचा फोटो आला. पांढरंशुभ्र तळं, माझा कोट घातलेला गायकवाड, हातात चांगला हातभर मासा. मी फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"काय बघतोयस?" मृदुलाने विचारलं.

"हे आपल्या जुरोंगच्या बर्फाच्या खोलीतलं तर नसेल?"

मृदुला कपाटाजवळ गेली आणि एका बोटाने दार उघडलं. आवाज नाही. बोटानेच मिटलं. आवाज नाही. पुन्हा उघडलं.

"उणे अठरात नेलंस तरी असंच उघडेल हे," ती म्हणाली. "तू रीळ कशाला नेलंस? परीक्षेला कपाट न्यायचं होतंस."